पोलिसांच्या पिस्तुलात ९ एमएम परत का आली?

बीजीएमआय खेळत असाल तर पी९२ला ९ एमएमच्या गोळ्या लागतात आणि पी१९११ला पॉइंट फोर्टी-फाइव्हच्या, हे तुम्हाला पाठ असेल. मोठी गोळी, जास्त डॅमेज, असा गेमचा सरळ हिशोब. गंमत म्हणजे खऱ्या जगात अमेरिकेच्या एफबीआयनेही बराच काळ साधारण हाच हिशोब मांडला होता. त्यातून बाहेर पडायला त्यांना जवळपास ३० वर्षं लागली.

आधी कॅलिबर म्हणजे काय ते बघू. ढोबळमानाने गोळीचा व्यास. पॉइंट फोर्टी म्हणजे ०.४० इंच, म्हणजे साधारण १०.१६ मिलिमीटर. ९ एमएमपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर जास्त. सगळा वाद या एका मिलिमीटरचा आहे.

११ एप्रिल १९८६. मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांनी बँका लुटणाऱ्या दोघांना गाठलं. काही मिनिटांच्या गोळीबारात दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. शेवटी लुटारूही मेले. त्यातल्या मायकेल प्लॅटला सुरुवातीलाच एक ९ एमएम गोळी लागली होती. ती दंडातून छातीत घुसली आणि हृदयापासून सुमारे एक इंच अलीकडे थांबली. प्लॅट त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. खापर फुटलं त्या गोळीवर.

मला हा निष्कर्ष सोयीचा वाटतो. प्लॅटच्या हातात रायफल होती आणि बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं. खरी तफावत तिथे होती. पण नियोजन आणि ट्रेनिंग बदलण्यापेक्षा काडतूस बदलणं सोपं असतं.

मग आली १० एमएम. ताकद भरपूर, पण झटका इतका की अनेकांना पिस्तूल सांभाळणं जड जायचं. म्हणून एफबीआयने दारू कमी भरून घेतली. आता काडतुसात रिकामी जागा उरली. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टरने ती जागा कापून काडतूसच आखूड केलं, आणि १९९० मध्ये पॉइंट फोर्टी बाजारात आली. ९ एमएमच्या आकाराच्या पिस्तुलात ती बसायची, त्यामुळे पोलिस खात्यांनी ती भराभर उचलली. १९९७ मध्ये एफबीआयने पॉइंट फोर्टीची ग्लॉक घेतली.

पण मायामीनंतर एक काम मात्र चोख झालं. गोळी तपासायची पद्धत ठरली. मांसाची घनता धरून बनवलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडायची. कधी थेट, कधी जाड कपडे, प्लायवूड, पत्रा किंवा गाडीची काच मध्ये ठेवून. किमान १२ इंच आत जायला हवी, १८ च्या पुढे नको. कमी गेली तर उपयोग नाही, जास्त गेली तर मागे उभ्या असलेल्या माणसाला लागणार. कंपन्या या परीक्षेसाठी गोळ्या सुधारत गेल्या. पुढच्या टोकाला खळगा असलेली, आत गेल्यावर फुलासारखी उमलणारी होलो पॉइंट गोळी २०१० पर्यंत इतकी सुधारली की ९ एमएम आणि पॉइंट फोर्टी यांच्या जखमांत फरक करणं अवघड झालं. (फुगणाऱ्या गोळीला ‘दमदम’ म्हणतात ते कोलकात्याजवळच्या दमदमवरून. १८९९ च्या हेग करारात अशा गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. पोलिसांना ती लागू नाही.)

हे मेगापिक्सेलसारखंच आहे. १०८ चा आकडा डब्यावर छान दिसतो, फोटो मात्र सेन्सर आणि सॉफ्टवेअर ठरवतं.

२०१४ मध्ये एफबीआयच्या ट्रेनिंग विभागाने ९ एमएमच्या बाजूने टिपण काढलं. त्यातला एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: खऱ्या चकमकीत पोलिसांच्या सरासरी २० ते ३० टक्केच गोळ्या नेमक्या लागतात. उरलेल्या ७०-८० टक्के कुठेतरी जातातच. भिंतीत, गाडीत, कधी बघ्याच्या अंगात. मग झटका कमी, म्हणजे दुसरी गोळी लवकर आणि नेमकी, हा फायदा एका मिलिमीटरपेक्षा मोठा ठरतो. शिवाय ग्लॉक १७ मध्ये ९ एमएमच्या १७ गोळ्या बसतात, तर त्याच आकाराच्या पॉइंट फोर्टीच्या ग्लॉक २२ मध्ये १५. काडतूसही स्वस्त, म्हणजे त्याच बजेटमध्ये जास्त सराव. २०१६ मध्ये एफबीआयने ९ एमएमच्या ग्लॉकची ऑर्डर दिली. अनेक पोलिस खाती त्याच वाटेने गेली.

भारतात हा वाद कधी रंगलाच नाही. आपल्या पोलिसांकडे इशापूरच्या कारखान्यातलं ९ एमएम पिस्तूल वर्षानुवर्षं आहे. सामान्य लायसन्सधारकाला मात्र ९ एमएम मिळत नाही, कारण ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. म्हणूनच आपल्याकडे लायसन्सचं पिस्तूल म्हटलं की बहुतेक वेळा ते पॉइंट थर्टी-टू असतं.