जुना संगणक : भंगारात की पेढीवर?

घसारा हा शब्द व्यापारी कुटुंबांना नवा नाही. आयकराच्या नियमांप्रमाणे संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरला जातो, आणि तोही घटत्या शिलकेवर. त्यामुळे ४०,००० रुपयांना घेतलेला संगणक पहिल्या वर्षाअखेर २४,००० रुपयांचा, दुसऱ्या वर्षाअखेर १४,४०० रुपयांचा आणि पाच वर्षांनी वहीत जेमतेम ३,११० रुपयांचा उरतो. वही आपले काम चोख करते. परंतु वहीतील किंमत उतरली म्हणजे वस्तूची उपयुक्तताही तेवढीच उतरली, असे मात्र नसते. पेढीवरची आजोबांच्या काळातील तिजोरी वहीतून कधीच निकालात निघालेली असते. तरी ती रोज उघडते आणि रोज बंद होते.

संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न २०२५ च्या दीपावलीच्या आठवडाभर आधी अनेक पेढ्यांवर एकाच वेळी उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. त्या दिवशी कोणतेही यंत्र बंद पडले नाही. थांबला तो सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा नित्य पुरवठा. घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर आणखी एक वर्षाची मुदत मिळाली, पण ती मुदतच आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. परिणामी सुस्थितीतील असंख्य संगणक केवळ या अटींमुळे बाद ठरले.

अशा वेळी घरात बहुधा तीनच मार्ग सुचतात. नवा संगणक घ्यावा, जुनाच आहे तसा चालवावा, किंवा जुना माळ्यावर ठेवून द्यावा. पहिल्यात खर्च आहे. दुसऱ्यात धोका आहे, कारण ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याला दुरुस्त्या मिळत नसतील तर ते कुलूप नसलेल्या गल्ल्यासारखे असते. तिसरा मार्ग निरुपद्रवी भासतो, पण श्रावकाच्या दृष्टीने तोही निर्दोष नाही. परिग्रह परिमाण व्रत गरजेपेक्षा अधिक घेण्यास मर्यादा घालते, तसेच घेतलेले न वापरता धरून ठेवण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवते. माळ्यावरचे दोन बंद लॅपटॉप हाही परिग्रहच.

भंगारात देण्याचा मार्ग तर अधिक विचाराने घ्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी सुमारे २२ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातील बराचसा दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांसारख्या ठिकाणी हाताने फोडला जातो. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, धातू सुटे करण्यासाठी आम्ल वापरले जाते. धूर माणसांच्या छातीत जातो आणि उरलेले विष मातीत व पाण्यात उतरते. दारावरून नेलेल्या यंत्राचा पुढचा प्रवास आपल्याला दिसत नाही, एवढ्याने त्यातील हिंसेची जबाबदारी संपत नाही.

म्हणून चौथा मार्ग जाणून घेण्यासारखा आहे. तो म्हणजे जुन्या यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली बसवणे. लिनक्सचा प्रारंभ १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. आज जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात, आणि खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तेच आहे. म्हणजे ही काही प्रयोगापुरती वस्तू नव्हे. तिची संहिता सर्वांना खुली असून तिच्या परवान्यानुसार ती घ्यावी, सुधारावी आणि पुढे द्यावी. पुढे देताना मात्र घेणाऱ्यालाही तेच स्वातंत्र्य द्यावे लागते. ज्ञानदानाची परंपरा मानणाऱ्या समाजाला हा व्यवहार परका वाटू नये.

लिनक्सच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि निवड यंत्राच्या ताकदीनुसार करायची असते. मेमरी ४ जीबी किंवा अधिक असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू योग्य. विंडोजची सवय असलेल्याला त्यांचा पडदा लवकर ओळखीचा होतो. मेमरी १ ते २ जीबी असेल तर अँटीएक्स किंवा पपी लिनक्सचा विचार करावा. पपी लिनक्स ऑस्ट्रेलियातील बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले आणि त्याला आपल्या लहानशा कुत्र्याचे नाव दिले. ते एक जीबीपेक्षाही लहान असून पेनड्राइव्हवरून सुरू होते, संपूर्ण प्रणाली मेमरीत उचलून घेते आणि म्हणूनच जुन्या यंत्रावरही चपळ वाटते. कामे जतन करण्याची सोय पेनड्राइव्हवरच असल्याने तो खिशात घालून दुसऱ्या संगणकावरही आपले टेबल मांडता येते. मात्र पपीमध्ये वापरकर्त्याला सुरुवातीपासूनच सर्वाधिकार असतात. पत्रलेखन वा वाचन यांसाठी ते सोयीचे असले, तरी पेढीच्या बँक व्यवहारांसाठी मिंट किंवा लुबुंटू अधिक बरे.

बसवण्याची रीत अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. प्रथम जुन्या यंत्रावरील सर्व वह्या, बिले आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती उघडतात की नाही हे पाहावे. नंतर प्रणालीची फाइल तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून घ्यावी आणि रुफस किंवा बलेना एचर या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. संगणक सुरू करताना कंपनीपरत्वे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप ही कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. येथे लिनक्सचा एक मोठा गुण कामी येतो. आतील डिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, छापील कागद निघतो का, हे दोन-चार दिवस तपासावे आणि मगच ते कायमचे बसवावे. माल पारखल्याशिवाय सौदा न करण्याची व्यापाऱ्याची सवय येथेही उपयोगी ठरते.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. टॅली हे विंडोजसाठी केलेले सॉफ्टवेअर आहे. ते लिनक्सवर आडमार्गाने चालवण्याचे प्रयोग होतात, पण पेढीचा हिशोब प्रयोगावर सोपवू नये. कंपनी किंवा एलएलपी असल्यास जीएसटीचे विवरण डिजिटल स्वाक्षरीने भरावे लागते आणि त्या टोकनची जोडणीही विंडोजवर अधिक सरळ असते. काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सशी सहज जुळत नाहीत. जुन्या बिगर-युनिकोड मराठी टंकांत तयार केलेली पत्रके दुसऱ्या यंत्रावर नीट दिसतीलच असे नाही. युनिकोड मराठी मात्र उत्तम दिसते आणि इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिताही येते. ३२-बिट प्रोसेसरची फार जुनी यंत्रे असतील, तर त्यांची वाट अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी नवी स्थापना देणे बंद केले. शिवाय प्रणाली कितीही हलकी असली, तरी आजची संकेतस्थळे जड आहेत. २ जीबी मेमरीत एका वेळी दहा पाने उघडण्याचा आग्रह धरू नये.

या मर्यादांतूनच शहाणपणाची वाटणी निघते. पेढीवर एक यंत्र अद्ययावत विंडोजचे ठेवावे आणि टॅली व स्वाक्षरी त्यावरच ठेवावी. बाकीच्या जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवून ई-मेल, दरपत्रके, पत्रव्यवहार आणि मालाच्या याद्या ही कामे द्यावीत. लिबरऑफिस हे विनामूल्य साधन एक्सेलच्या बहुतेक साध्या फाइली उघडते. आणखी एक खर्च खरोखर सार्थकी लागतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवली, तर यंत्राचा फरक कोणाच्याही नजरेत भरतो. नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने तो खर्च फारच थोडा असतो.

घरात गरज नसेल तर असे सज्ज केलेले यंत्र पाठशाळेला, वसतिगृहातील विद्यार्थ्याला किंवा स्वाध्यायासाठी प्रवचने ऐकू इच्छिणाऱ्या वृद्धाला देता येते. मात्र देण्यापूर्वी डिस्क संपूर्ण पुसावी. फाइल कचरापेटीत टाकली म्हणजे ती नष्ट होत नाही. साध्या साधनांनी ती परत काढता येते. पॅन, आधार आणि ग्राहकांची खाती ज्या डिस्कवर होती, ती डिस्क पूर्णपणे नव्याने लिहिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. बंद पडलेले, दुरुस्त न होणारे यंत्र मात्र ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ खाली नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावे. काही रुपये कमी मिळतील. ते तसे मिळू द्यावेत.

दीपावलीत वहीपूजनापूर्वी पेढीची झाडलोट होते आणि प्रत्येक वस्तूला हात लागतो. त्या वेळी संगणकासमोर थांबून तीन गोष्टी विचाराव्यात. हे यंत्र कोणते काम करते, ते काम सुरक्षितपणे करते का, आणि येथे नको असेल तर कोणाच्या कामी येईल? उत्तरे मिळाल्यावर नवे घ्यायचे की नाही, हे ठरवणे सोपे जाते.