किडीचे स्मारक आणि शेतकऱ्याचे श्रेय

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात एंटरप्राइज नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या भर चौकात पायघोळ वस्त्रातली एक स्त्री दोन्ही हात उंचावून उभी आहे. तिने डोक्यावर तोलून धरला आहे तो एक काळा, लांब सोंडेचा किडा. कपाशीची बोंडे पोखरणारा हा भुंगा. ११ डिसेंबर १९१९ रोजी गावकऱ्यांनी हे स्मारक उभारले आणि समृद्धीची वर्दी घेऊन आल्याबद्दल किड्याचे आभार मानणारा मजकूर त्यावर कोरला. किड्याची प्रतिमा नंतर, १९४९ साली, ल्यूथर बेकर यांनी करून बसवली. कृतज्ञता मात्र पहिल्या दिवसापासूनची आहे. शेतीचा वारसा सांगणारी शिल्पे जगभर आहेत. बहुतेकांत राबणारी माणसे, जनावरे आणि अवजारे दिसतात. एंटरप्राइजने एक संकट आणि त्यातून घेतलेला एक निर्णय चौकात उभा केला, म्हणून ते मोलाचे आहे.

हा भुंगा जेमतेम सहा मिलिमीटरचा. मेक्सिकोतून तो १८९२ च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरला आणि १९१५ पर्यंत एंटरप्राइज ज्या कॉफी परगण्यात आहे तिथे पोचला. मादी कपाशीच्या पात्यात आणि कोवळ्या बोंडात अंडी घालते, अळी आतून खात जाते, पाते गळून पडते. त्या काळी प्रभावी औषध हाताशी नव्हते. भुंग्याला जगायला कपाशीच लागते, म्हणजे पीक बदलले की त्याचा उपद्रव संपणार हे उघड होते. तरी शेतकरी कपाशी सोडत नव्हता, कारण ते त्याच्या हातात नव्हते. दक्षिणेत बी-बियाण्याची, दाण्यागोट्याची उचल मिळे ती येणाऱ्या पिकाच्या तारणावर, आणि सावकाराला, दुकानदाराला तारण म्हणून कापूसच हवा असे. बुडत्या पिकाला कर्जाने बांधून ठेवलेले होते.

ती गाठ सुटली ती माणसांच्या पुढाकाराने. एच. एम. सेशन्स या स्थानिक गृहस्थाने भुईमुगाचा आग्रह धरला आणि १९१६ साली सी. डब्ल्यू. बॅस्टन या कर्जबाजारी शेतकऱ्याला तो पेरायला राजी केले. त्या एका पिकात कर्ज फिटले. शेंगा इतर शेतकऱ्यांनी बियाण्यासाठी विकत नेल्या आणि दोन-तीन हंगामांत परगण्याचे अर्थकारण पालटले. पुढे कपाशीही परतली, पण आता ती अनेक पिकांतली एक होती. याच राज्यात टस्कीगी येथे १८९६ पासून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकवत होते. गुलामीत जन्मलेला हा कृषिशास्त्रज्ञ कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी घ्या, शेंगवर्गी पिके जमिनीला नत्र देतात, हे गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना समजावत होता. १९०६ पासून टस्कीगीची फिरती शेतीशाळा घोड्याच्या गाडीतून त्यांच्या बांधापर्यंत जात होती.

आणि इथेच या स्मारकाची उणीव दिसते. पुतळा ग्रीक थाटाच्या स्त्रीचा आहे, आभार किड्याचे आहेत. जोखीम पत्करून पहिली शेंग पेरणारा तिथे नाही, वाट्याने शेत कसणारा कृष्णवर्णीय कुळवाडी नाही, ज्ञान बांधावर नेणारा शिक्षकही नाही. संकट आपोआप कोणाला शहाणे करत नाही. हाच भुंगा सबंध दक्षिणेत पसरला, असंख्य कुटुंबांना देशोधडीला लावून गेला. एंटरप्राइज सावरले, कारण तिथे पर्यायी पीक सुचवणारा होता, पहिला धोका उचलणारा होता आणि पिकलेला माल घेणारा होता. श्रेय या तिघांचे आहे.

विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला यातले काही परके वाटणार नाही. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी ही वेगळी कीड आहे, पण २०१७ च्या हंगामात बीटी कपाशीची बोंडे आतून पोखरून तिने हाच धडा दिला. कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका, पीक पालटा, हे सल्ले दर वर्षी दिले जातात आणि ते योग्यच आहेत. परंतु पीक पालटणाऱ्याला उचल कोण देणार, माल कोण घेणार, पहिले वर्ष फसले तर कुटुंब कशावर जगणार, याची उत्तरे सल्ल्यासोबत येत नाहीत. ती आली तेव्हा महाराष्ट्राचा शेतकरी मागे राहिलेला नाही. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली, खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतचा भार सरकारने वाटून घेतला, आणि कोरडवाहू माळरानांवर आंबा, बोर, डाळिंब उभे राहिले.

आपल्या गावोगावच्या चौकांत, बाजार समित्यांच्या दारात सिमेंटची बैलजोडी आणि नांगरधारी शेतकरी उभे असतात. त्यांमागची माया खरी आहे. पण त्या शिल्पावरून त्या तालुक्यात काय पिकत होते, ते कशाने गेले, नवे पीक कोणी आणले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पोराबाळांना कळत नाही. शेतकऱ्याचा गौरव त्याच्या घामाइतकाच त्याच्या बुद्धीचा आणि धाडसाचा व्हायला हवा. यापुढे जी नगरपालिका, जी बाजार समिती असे शिल्प उभारील, तिने चौथऱ्यावर उद्घाटकांच्या नावांआधी त्या मातीतल्या पिकांचा इतिहास कोरावा. दुष्काळाचे आणि रोगाचे साल लिहावे, पहिले नवे बी पेरणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे लिहावीत, ज्यांच्या मजुरीवर ते पीक उभे राहिले त्यांचाही उल्लेख करावा. आणि पुढच्या किडीच्या वेळी आपल्या शेतकऱ्याला एकट्याने धोका उचलावा लागू नये, अशी कर्जाची आणि खरेदीची व्यवस्था त्याच गावात उभी करावी. वारशाचा सन्मान त्याशिवाय पुरा होत नाही.