फी किती, त्याआधी हप्ता किती?

बारावीचे निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की पेण-रोह्याच्या मोहल्ल्यांत एकच चर्चा सुरू होते: मुलाला मेकॅनिकलला घालायचे का? प्रश्न साहजिक आहे. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना, रोहा तालुक्यात नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि धाटावची एमआयडीसी. पंप, कॉम्प्रेसर, बॉयलर जिथे आहेत तिथे मेकॅनिकलचा माणूस लागणारच. शिवाय आखातात असलेले मामा-चाचाही तेच सुचवतात. मग आई-वडील फी विचारतात, कर्ज मिळेल का ते विचारतात आणि प्रवेश घेऊन टाकतात. महिन्याचा हप्ता आणि पहिला पगार हे दोन आकडे शेजारी मांडणारे घर आम्हाला क्वचितच भेटते. या वेळी तेवढेच करू.

समजा, खाजगी महाविद्यालयाची फी, रेल्वेचा पास आणि पुस्तके धरून दरवर्षी दीड लाखाचे कर्ज घेतले. चार वर्षांत मुद्दल 6 लाख. बँकेचा दर 10 टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. साध्या व्याजाने ते 2 लाख 10 हजार होते. म्हणजे परतफेड सुरू होताना डोक्यावर 8 लाख 10 हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे 10,700 रुपये हप्ता, आणि एकूण भरणा जवळपास 12 लाख 85 हजार.

आता दुसरी बाजू. बरीच मुले कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून पाऊल टाकतात. 2019 च्या नियमांत पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना 9,000 आणि पदविकाधारकाचे 8,000 रुपये ठरले. चार वर्षांच्या पदवीने या उंबरठ्यावर फरक पडला तो हजार रुपयांचा. पुढे ठेकेदाराकडे हातात 20,000 आले असे धरले, तरी निम्म्याहून अधिक पगार हप्त्यात जातो. कायम नोकरी लागली, पगार वाढला, तर उत्तमच. पण पगार वाढेल ही आशा असते आणि हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. कर्जाच्या कागदावर मुलासोबत अब्बांची किंवा अम्मीचीही सही असते, हे विसरू नये.

म्हणून आमचे सांगणे असे की कर्ज किती काढायचे हे फीवरून ठरवू नका, पहिल्या पगारावरून ठरवा. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत असावा. 20,000 पगाराला 5,000 हप्ता. वरच्याच हिशेबाने उलटे मोजले तर वर्षाला 70,000 रुपयांपेक्षा जास्त कर्ज झेपत नाही. फी त्याहून मोठी असेल तर रस्ता बदलावा.

रस्ते आहेत. पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पदवीच्या एका वर्षाचे कर्ज वाचते आणि मधेच थांबावे लागले तरी हातात कामाचा कागद राहतो. पदवीसाठी आपल्याच जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुलींबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2024-25 पासून केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षण शुल्क राज्य शासन भरते. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. ज्या येत नाहीत त्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. निकालाची वाट न पाहता दाखल्यासाठी तहसील कार्यालयात आधीच अर्ज करा.

कर्ज काढावेच लागले तर आधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची चौकशी करा. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी तिथल्या शैक्षणिक कर्जाचा दर 3 टक्के आहे. बँकेकडे गेलात तर वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास शिक्षणकाळातले व्याज भरणाऱ्या केंद्राच्या योजनेत आपले महाविद्यालय बसते का, हे लेखी विचारा.

व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी केवळ आकड्यांचा नाही. कोणत्या परिस्थितीत काय करावे हे उलमांना विचारावे. फतवा देणे आमचे काम नाही. पण सूद टाळायचा म्हणून कुणी दागिने मोडतो, कुणी नातेवाइकाकडून तोंडी उसने घेतो आणि दोन वर्षांनी भाऊबंदकी सुरू होते. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे, आणि ती घरातल्या व्यवहारालाही लागू आहे. जनाजाच्या नमाजपूर्वी मृतावर कर्ज आहे का, याची प्रेषित मुहम्मद (स.) चौकशी करत, हेही मुलांना सांगावे.

जबाबदारी एकट्या घराची नाही. जकातीच्या आठ हकदारांत कर्जाने दबलेला माणूसही आहे. आपल्या जमाती रमजानमध्ये मोठी रक्कम गोळा करतात. त्यासोबत एक वेगळा कर्जे हसनाचा निधी उभा राहिला, फी थेट महाविद्यालयात भरली गेली आणि नोकरी लागल्यावर मुलाने बिनव्याजी परत केली, तर तोच पैसा पुढच्या मुलाला उपयोगी पडेल.

प्रवेशअर्ज भरण्याआधी मागच्या दोन वर्षांत त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेली आपल्या भागातली तीन मुले गाठा. नोकरी कुठे लागली, किती महिन्यांनी लागली आणि हातात किती येतात, एवढेच विचारा. माहितीपत्रकातल्या मोठ्या पॅकेजपेक्षा ती तीन उत्तरे खरी. ती कागदावर लिहा, शेजारी हप्ता लिहा आणि मुलाला समोर बसवून निर्णय घ्या. कर्ज शेवटी त्यालाच फेडायचे आहे.