उतारा कोणाच्या खाचरातला?

भाताच्या वाणांची तुलना हा निव्वळ शास्त्राचा विषय, त्यात राजकारण कशाला, असे साळसूदपणे विचारले जाते. हेक्टरी उतारा मोजावा, आकडा मोठा ते वाण श्रेष्ठ ठरवावे आणि शेतकऱ्याने ते मुकाट्याने पेरावे, असा हा सरळ हिशेब. हा आकडा कोणाच्या खाचरातला, एवढे मात्र कोणी विचारीत नाही.

१९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आय. आर. ८' हे बुटके वाण प्रसृत केले. खत भरपूर आणि पाणी ताब्यात असले की ते न लोळता भरघोस पिकते, हे निर्विवाद आहे. अशा वाणांनी देशाच्या कोठारात भर घातली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु पाणी ताब्यात असणे सर्वांच्या वाट्याला येत नाही. ओडिशाच्या सखल भागात पुराचे पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवस खाचरात तुंबते. बुडालेले रोप वर येण्याच्या धडपडीत साठवलेले अन्न संपवून बसते आणि पाणी ओसरताच कोलमडते. तेथील लोकप्रिय 'स्वर्णा' वाणाचीही हीच गत होते.

ही सखल जमीन कोणाची? ओडिशातील १२८ खेड्यांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले आहे. पूर येणाऱ्या सखल भागात कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या शेतकऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. समाजात जो तळाला, त्याचे शेतही तळाला! मग चांगल्या जमिनीवरची चाचणी निःपक्षपाती कशी म्हणावी?

त्याच अभ्यासात, दहा दिवस पाण्याखाली राहिलेल्या शेतात 'स्वर्णा-सब १' या वाणाने प्रचलित वाणापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक उतारा दिला. पूर आला नाही तेथेही ते उणे पडले नाही. भारतात २००९ साली प्रसृत झालेल्या या वाणाला बुडून तगण्याचा गुण लाभला तो ओडिशाच्याच 'एफ. आर. १३ ए' या देशी भाताकडून. केवळ उताऱ्याच्या तक्त्यावर विसंबले असते, तर हे कमी उताऱ्याचे भात केव्हाच बाद झाले असते.

देशी वाणांची नुसती आरती ओवाळणाऱ्यांनीही येथे थांबून विचार करावा. 'एफ. आर. १३ ए' जसेच्या तसे पेरून कुटुंबाचे पोट भरत नाही. शेतकऱ्यांनी जपलेले बी आणि प्रयोगशाळेतील विद्या यांचा संयोग झाला, तेव्हाच सखल शेताला न्याय मिळाला.

सरकारी चाचण्यांत सखल जमिनीचा गट वेगळा असतो, हे खरे. पण संशोधन केंद्राचे आखीव खाचर म्हणजे बांध फुटलेले शेत नव्हे. गोव्याच्या खाजणात खारे पाणी सोसणाऱ्या 'कोरगुट' भाताची किंमतही गोड्या पाण्याच्या खाचरातील उताऱ्यावरून ठरू नये. म्हणून चाचणी अल्पभूधारकाच्या शेतात, त्याला परवडेल तेवढ्याच खतावर व्हावी. बुडीत वर्षांचे आकडे सरासरीत लपवू नयेत, ते वेगळे छापावेत. आणि वाणाची निवड करताना लावणी करणाऱ्या बायाबापड्यांचा कौल घ्यावा. पीक बुडाले तर उपाशी त्यांनाच राहावे लागते.