चार्ज देऊन जावं

संगणकावरचे खेळ म्हटलं की आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पोरं बिघडतात, डोळे जातात, अभ्यास बुडतो, हे सगळं आपलं बोलून झालेलं आहे. आज मला त्याच जगातल्या एका वेगळ्याच प्रश्नाविषयी लिहायचं आहे. हा प्रश्न खेळणाऱ्यांचा नाही, खेळात स्वतःची भर घालणाऱ्यांचा आहे. वर्षानुवर्षं फुकट राबायचं, हजारो अनोळखी माणसांना आनंद द्यायचा, आणि एक दिवस थकून, कंटाळून किंवा भांडून तिथून निघायचं. जाताना आपण केलेलं काम बरोबर न्यायचं, की तिथेच ठेवायचं? वरवर पोरकट वाटतो, पण हा प्रश्न भजनी मंडळापासून नाट्यसंस्थेपर्यंत सगळ्यांना कधी ना कधी पडलेला आहे.

'मॉड' ही भानगड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंपनीने बनवलेल्या खेळात खेळणाऱ्यानेच केलेला बदल म्हणजे मॉड. नवा नकाशा, नवी पात्रं, नवं कथानक, कधी नुसती चुकांची दुरुस्ती. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' नावाचा खेळ आला. त्याचे एक कर्ते जॉन कारमॅक यांनी खेळ चालवणारा प्रोग्रॅम वेगळा ठेवला आणि नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं दुसऱ्या फायलींत घातलं, म्हणजे लोकांना त्यात फेरफार करता यावेत. लोकांनी ते केलेच. १९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळावर 'काउंटर-स्ट्राइक' रचला. मूळ खेळाच्या मालक कंपनीने, म्हणजे वाल्व्हने, तो विकत घेऊन २००० साली बाजारात आणला. आपल्या देशातल्या सायबर कॅफेंत ज्या खेळाने पोरांना वेड लावलं होतं, तो मुळात हौशी लोकांनी केलेला मॉड होता, हे कित्येकांना माहीतही नसेल.

पण मिन्ह ली आणि क्लिफ यांच्यासारखं भाग्य फार थोड्यांचं. बाकीचे नोकरी-शिक्षण सांभाळून रात्री जागवतात. त्यांना पगार नाही, हुद्दा नाही. मिळते ती लोकांची वाहवा, आणि तिच्याबरोबर 'हे चालत नाही', 'ते कधी करणार' अशी तक्रारींची रांग. कंपनीने मूळ खेळात बदल केला की मॉड मोडतो. 'स्कायरिम' हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. बरोबर दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याची नवी आवृत्ती निघाली आणि कितीतरी मॉड एका दिवसात बंद पडले. ज्यांनी ते केले होते त्यातले काही तोवर संसाराला लागले होते. लोक मात्र दारावर धडका मारतच होते.

पैशाचं म्हणाल तर एप्रिल २०१५ मध्ये वाल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी स्कायरिमचे मॉड विकत देण्याचा प्रयोग करून पाहिला. किमतीतले २५ टक्के मॉड करणाऱ्याला, उरलेले दोन्ही कंपन्यांना. लोकांनी एवढा गदारोळ केला की चार दिवसांत तो गुंडाळावा लागला. गंमत म्हणजे (गंमत कसली!) ७५ टक्के घेणाऱ्या कंपन्यांबरोबरच २५ टक्के घेऊ पाहणाऱ्या माणसांनाही लोकांनी धारेवर धरलं. कालपर्यंत ज्याचं फुकट खात होतो त्याने चार पैसे मागितले की तो लोभी! अशा वेळी एखादा उठून निघून गेला तर त्याला दोष देण्याची माझी तरी छाती नाही.

तेव्हा जाण्याच्या हक्काबद्दल वाद नको. वाद आहे तो जाताना काय न्यायचं याबद्दल. त्यातला पेच असा की मॉड एकेकटे राहत नाहीत. एकाने केलेल्या मॉडवर दुसरा आपला मॉड उभारतो, त्याच्यावर तिसरा. स्कायरिममध्ये ज्या फायलीवर दुसरी फाईल अवलंबून असते तिला 'मास्टर' म्हणतात. मास्टर गायब झाली की वरच्या फायली निकामी होतात, आणि पुष्कळदा खेळ सुरू होतानाच बंद पडतो. म्हणजे खालच्या माणसाने आपली वीट काढून घेतली तर ज्यांचा त्याच्याशी कसलाही तंटा नव्हता अशांचं कामही कोसळतं.

हा वाद जुलै २०२१ मध्ये उघड्यावर आला. मॉड साठवण्याच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक म्हणजे 'नेक्सस मॉड्स'. रॉबिन स्कॉट या इंग्रज तरुणाने २००१ साली हौसेखातर त्याची सुरुवात केली होती. त्यांनी जाहीर केलं की यापुढे कुणी आपला मॉड काढून टाकला तरी त्याची प्रत दप्तरात राहील, कारण अनेक मॉड एकत्र गुंफून एका फटक्यात देण्याची नवी सोय ते करत होते आणि मधलाच एक दुवा निखळला तर सगळी माळ तुटणार होती. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी महिन्याभरात आपलं सगळं काम कायमचं काढून न्यावं, अशी मुभाही दिली. बऱ्याच जणांनी ती घेतली. दहा-दहा वर्षांचं काम उचलून माणसं निघून गेली.

मॉड करणाऱ्यांमध्ये या बाबतीत पूर्वीपासून दोन तट आहेत. एका विचाराला ते 'कॅथेड्रल' म्हणतात, दुसऱ्याला 'पार्लर'. कॅथेड्रलवाले म्हणतात, आपण सगळे मिळून एक मोठी इमारत बांधतो आहोत, ज्याला जमेल त्याने आपला दगड बसवावा, पुढच्याने त्यावर चढवावा. पार्लरवाले म्हणतात, हा माझा दिवाणखाना, तुम्ही पाहुणे. या, बसा, चहा घ्या, पण खुर्च्या हलवायच्या तर मला विचारा, आणि मी दार लावलं की जायचं.

आपल्याला कॅथेड्रलची उपमा समजवायला नको. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ साली सुरू झालं आणि १६१९ पर्यंत चाललं. पाया घालणाऱ्यांतल्या बहुतेकांनी छप्पर पाहिलं नसेल. पुढे १७७६ साली तिच्या दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला, तरी इमारत आजही उभी आहे. तरीसुद्धा दिवाणखानेवाल्यांचं म्हणणं मला अगदीच फेटाळता येत नाही. ज्याला पगार नाही, मालकी नाही, त्याच्या हातात 'नाही' म्हणण्याचा एवढा एकच अधिकार उरतो. तोही मधेच नियम बदलून काढून घेतला तर त्याने रागावू नये काय? जुन्या नियमावर विश्वास ठेवून ज्यांनी काम दिलं, त्यांना ते परत नेऊ देणं हेच न्यायाचं होतं. नेक्ससने महिन्याची मुभा दिली नसती तर ती सरळसरळ दांडगाई ठरली असती.

पण हक्क असणं वेगळं आणि तो बजावणं शोभून दिसणं वेगळं. माझं मत विचाराल तर जाणाऱ्याने तीन गोष्टी खुशाल बरोबर न्याव्यात: आपला वेळ, आपलं नाव, आणि पुढची जबाबदारी. यापुढे मला विचारू नका, हे सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ज्या कामावर दुसऱ्यांनी घरं बांधली आहेत, ते मात्र त्याने तिथेच ठेवावं. राग नेहमी दोन-चार माणसांवर असतो, आणि काम काढून घेतल्याचा फटका बसतो तो नाव-गाव ठाऊक नसलेल्या शेकडोंना.

सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्याला हे पटकन कळेल. बदलीचा हुकूम आला की कारकून मनात कितीही धुमसत असला तरी चार्ज देऊनच जातो. कुठली फाईल कुठे आहे, कुठलं प्रकरण कुठे अडलं आहे, कपाटाच्या किल्ल्या किती, याची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. आपल्या गावांतल्या जत्रेच्या नाटकांचंही तेच. रुसलेल्या दिग्दर्शकाने पुढच्या वर्षी तालमीला येऊ नये, पण नाटकाची वही घेऊन जाऊ नये. वही राहिली तर दुसरा कुणीतरी उभा राहतो, आणि वर्ष चुकत नाही.

मॉडच्या जगात असं चार्ज देऊन जाण्याचं एक उत्तम उदाहरण आहे. 'वॉरक्राफ्ट ३' या खेळात नकाशे बनवण्याचं साधन दिलेलं होतं. ते वापरून २००३ साली 'यूल' असं टोपणनाव घेतलेल्या एकाने 'डोटा' हा मॉड केला आणि काही काळाने तो बाजूला झाला. २००४ मध्ये त्याने जाहीर सांगून टाकलं की यापुढे डोटा सगळ्यांना खुला, कुणीही आपली आवृत्ती काढावी, मला विचारायची गरज नाही, फक्त श्रेयनामावलीत माझी आठवण ठेवा. बस्स, एवढंच! पुढे 'गिन्सू'ने तो वाढवला, २००५ मध्ये त्याच्यानंतर 'आइसफ्रॉग'ने हाती घेतला. वाल्व्हने आइसफ्रॉगला नोकरीत घेतलं आणि २०१३ मध्ये 'डोटा २' बाहेर पडला. २०२१ साली त्याच्या जागतिक स्पर्धेची बक्षिसं चार कोटी डॉलरच्या घरात गेली. यूलने जाताना दार लावून घेतलं असतं तर ही साखळी तिथेच तुटली असती.

यात एक सल आहेच. फुकट दिलेल्या कामावर पुढे कंपन्या गबर होतात, आणि मधल्या फळीतल्या कितीतरी जणांच्या वाट्याला नामावलीतली एक ओळही येत नाही. म्हणून मागे राहणाऱ्यांचीही जबाबदारी मी तेवढीच धरतो. गेलेल्याचं नाव पुसू नये. त्याच्या जुन्या कामातल्या चुकांसाठी त्याला पत्रं पाठवून छळू नये. तो 'पळपुटा' म्हणून चकाट्या पिटू नयेत. आणि मुख्य म्हणजे काम सुरू होतानाच विचारून घ्यावं, की बाबा, तू उद्या गेलास तर याचं काय करायचं? बहुतेक भांडणं या एका प्रश्नाच्या अभावी होतात. लग्नाच्या याद्या आधी होतात त्या काय उगीच?

खुद्द रॉबिन स्कॉट यांनीही जून २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षांनी, नेक्सस नव्या मालकांच्या हाती देऊन निरोप घेतला. लोकांना नवे मालक आवडतील, न आवडतील. पण दुकान उघडं राहिलं आणि मॉड जागच्या जागी राहिले. आपल्याकडे एखादी संस्था संस्थापकाबरोबरच का संपते, याचा विचार करताना या पोरासोरांच्या जगाकडेही एकदा पाहायला हरकत नाही.

असो. घरातलं कुणी रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून असलं काही करत असेल, तर ओरडण्याआधी काय करतो आहेस ते एकदा विचारून पाहा. आणि त्याने ते सोडायचं ठरवलंच, तर किल्ल्या कुणाकडे दिल्यास, हेही विचारा.