गड्यांनो, परात पुढे ओढा

शाहूवाडी तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटासाठी मुंबईला गेली. गिरणगावात त्यांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायकांनी केली. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. डबा आयता मिळाला, पण चुलीशी गड्यांची ओळख काही झाली नाही. आज खोलीवर एकट्या राहणाऱ्या पोराचं रात्रीचं जेवण म्हणजे वडापाव नाहीतर गाड्यावरचे नूडल्स.

स्वयंपाक तिशी-चाळिशीतही शिकता येतो, आणि सुरुवात गावाकडच्या नाचणीपासूनच करावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. नवशिक्याची भाकरी मोडते, कारण नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उपाय सोपा आहे. पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ द्यायची, मग कोमट असतानाच तळहाताने रगडून मळायचं. कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावायचा. पहिल्या भाकरीचा नकाशा होणारच, होऊ द्या.

कोरड्यासाला पावसाळ्यात टाकळा, कुर्डू आहेतच. मिठाचं तेवढं जपावं: दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि लोणचं-पापडही त्यातच धरायचे.

वेळ नाही ही सबब मात्र पटत नाही. पार्सलची वाट बघण्यात अर्धा तास जातोच की! शाळांनीही आठवीच्या मुलग्यांना कुकर लावायला शिकवावं.