फोटो सही, पण सही कुठाय?

वीकेंड फोटोग्राफर ही जमात आता प्रत्येक ऑफिसात सापडते. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट आणि शनिवारी पहाटे भिगवणचे फ्लेमिंगो, नाहीतर जूनच्या तोंडावर राजमाचीचे काजवे. पुढची पायरीही ठरलेली. चार-पाच जण वर्गणी काढतात, एखादी गॅलरी बुक होते, प्रिंट्स फ्रेमवाल्याकडे जातात आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री भांडण पेटतं. फोटोवर सही करायची का? करायची तर नक्की कुठे?

अशी बरीच प्रदर्शनं मी कव्हर केलीत आणि दोन पार्ट्या मला हमखास भेटतात. पहिली सोनेरी मार्कर ब्रिगेड. यांचा सूर्यास्त राहतो बाजूला, आधी डोळ्यात भरते ती आकाशभर पसरलेली वळणदार सही. वर खाली एक रेघ आणि दोन टिंबं. दुसरी संत मंडळी. 'काम बोललं पाहिजे यार, नाव कशाला?' ऐकायला एकदम भारी वाटतं. पण खरं सांगू? मला जास्त काळजी या संतांचीच वाटते.

माझा एक मित्र याच पंथातला. दिवेघाटातून वर चढणाऱ्या वारीचा त्याने काढलेला फोटो त्याच्या कंपनीने हौसेने मोठा करून लॉबीत लावला. ना सही, ना खाली नावाची पट्टी. मग त्याने नोकरी बदलली. तीनेक वर्षांनी मी कामानिमित्त तिथे गेले, तर फोटो जागेवरच होता. रिसेप्शनवर सहज विचारलं, 'हा कोणी काढलाय हो?' उत्तर आलं, 'इंटरनेटवरून घेतला असेल, मॅम.'

काम बोलत होतं, पण कोणाचं ते सांगत नव्हतं.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालंय. भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर म्हणून आज आपण ज्यांचं नाव घेतो, त्या होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. सुरुवातीच्या काळात त्यांचे फोटो छापून यायचे ते पती माणेकशा यांच्या नावाने. कारण काय, तर बाई, त्यातून नवखी! २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. आज त्यांचं काम त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पण ज्या बिनसहीच्या फोटोंचा कोणी शोधच घेतला नाही, त्यांचं काय?

नावाइतकीच तारीख महत्त्वाची. अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स म्हणजे लँडस्केपवाल्यांचं दैवत. 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हा त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो. पण तो कधी काढला, हे त्यांना स्वतःलाच धड आठवेना. कधी १९४१ सांगायचे, कधी १९४४. शेवटी खगोल अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं आणि १९९१ मध्ये तारीख पक्की झाली : १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळचे पावणेपाच वाजून गेलेले. तुमच्या-माझ्या फोटोसाठी एवढी खटपट कोण करणार? त्यापेक्षा पेन्सिलने दोन शब्द लिहिणं सोपं.

तर आता कसं करायचं ते.

पहिला फंडा : चित्राला हात लावायचा नाही. सही चित्राबाहेर. प्रिंट काढतानाच चारही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच पांढरी बॉर्डर सोडायला सांगा. सही उजवीकडे खाली, लहान अक्षरात. अ‍ॅडम्स तर प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवून खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने सही करत. फ्रेमवाल्याला मॅटची खिडकी थोडी मोठी कापायला सांगितलीत, तर सही काचेतून दिसेल. नको असेल तर ती मॅटखाली झाकली जाईल, पण राहील.

दुसरा : कागद बघून हत्यार निवडा. मॅट किंवा कॉटन पेपरवर साधी मऊ पेन्सिल बेस्ट. शिसं म्हणजे कार्बन, ते उडत नाही. लॅबच्या गुळगुळीत, प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे बारीक टोकाचं पिगमेंट इंकचं पेन घ्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय प्रिंट एकावर एक ठेवू नका. बॉलपेन मात्र नको म्हणजे नकोच. मागून दाबून लिहिलंत की पुढे वळ उठतो.

तिसरा : पाठीमागे पूर्ण कुंडली. नाव, जागा, फोटोचं वर्ष, प्रिंटचं वर्ष. पण ती प्रिंटच्या पाठीवर हलक्या हाताने लिहा. फ्रेमच्या पाठीवर नको, फ्रेम बदलली की ती गेली.

विकायचा विचार असेल तर डावीकडे ३/२५ असा आकडाही घालतात, म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रिंट. हा आकडा म्हणजे घेणाऱ्याला दिलेला शब्द. विल्यम एगल्स्टन यांनी जुन्याच चित्रांच्या मोठ्या डिजिटल प्रिंट्स काढल्या, २०१२ मध्ये लिलावात त्या ५९ लाख डॉलरला गेल्या आणि जुन्या प्रिंट्स बाळगून असलेला एक संग्राहक कोर्टात गेला. दावा २०१३ मध्ये फेटाळला गेला, पण धडा उरलाच. आकड्याबरोबर साइझही ठरवा आणि लिहून ठेवा.

आणि एक अपवाद. बऱ्याच फोटो स्पर्धांत चित्रावर नाव दिसलं की एंट्री बाद होते. तिथे नियम वाचा, सही घरी ठेवा.

कायद्याचं विचाराल, तर सही केली नाही म्हणून हक्क जात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. पैसे घेऊन कुणासाठी काढला किंवा नोकरीचा भाग म्हणून काढला, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट समोरच्याकडे जाऊ शकतो. पण 'हा मी काढलाय' असं म्हणायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. फक्त तसं म्हणायला लॉबीत दर वेळी तुम्ही हजर नसता. सही असते.

तेव्हा संतांनो, पेन्सिल काढा. ब्रिगेडवाल्यांनो, मार्कर ठेवा. आणि मुळात फोटो सही आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या. तिथे पेन्सिलचा काही उपयोग नाही, बॉस!